इन्सुलिन नको म्हणणारे बाबा आणि न पाहिलेला पडदा

डॉक्टरबाई, सा. न. वि. वि.

आम्ही इंदूरला लोकमान्य नगरात राहतो. माझे बाबा ६४ वर्षांचे, बँकेतून रिटायर झालेले. चौदा वर्षांपासून शुगर आहे. सकाळ-संध्याकाळ एकेक गोळी घेतात, तिच्यात ग्लिमेपिराइड, मेटफॉर्मिन आणि पायोग्लिटाझोन अशी तीन औषधं आहेत. मागच्या महिन्यात तीन महिन्यांची सरासरी शुगर (एचबीए१सी) १०.८ टक्के आली. डॉक्टर म्हणाले, आता रात्रीचं इन्सुलिन सुरू करू. बाबांनी साफ नाही म्हटलं. कारण देवासचे आमचे मोठे काका. त्यांना इन्सुलिन लागलं आणि वर्षाच्या आत एका डोळ्याने दिसेनासं झालं. घरात सगळे हेच म्हणतात की काकांचा डोळा इन्सुलिनने गेला. बंगळुरूचा दादा म्हणतो, आठवड्यातून एकदा घ्यायचं नवीन इंजेक्शन सुरू करा, वजनही उतरेल. पण त्यानेही डोळ्याला धोका असतो असं मी मोबाइलवर वाचलं. बाबांना दिसायला काही त्रास नाही. दोन महिन्यांपूर्वी राजवाड्याजवळच्या चष्म्याच्या दुकानात नंबर काढला, तो ठीक निघाला. बीपी १५२/८८ असतं, वयाच्या मानाने ठीक आहे म्हणतात. संध्याकाळी पायावर थोडी सूज येते. डोळ्यांसाठी सगळ्यात सुरक्षित औषध कोणतं, तेवढं सांगा. बाबा तुमचं सदर वाचतात, म्हणून इथे लिहिते आहे. (माझ्या दुसऱ्या बाळंतपणाच्या वेळी मलाही शुगर निघाली होती. नंतर गेली.)

– एक मुलगी, इंदूर

तुमच्या प्रश्नाचं उत्तर बाबांच्या डोळ्याचा पडदा आज कसा आहे त्यावर ठरेल, आणि तो पडदा अजून कुणी पाहिलेलाच दिसत नाही. इन्सुलिन की आठवड्याचं इंजेक्शन हा वाद घरात रंगलाय. पण त्यातलं काहीही सुरू करण्याआधी बाहुली मोठी करून पडद्याची तपासणी व्हायला हवी. येत्या आठ दिवसांत व्हायला हवी. औषधाचं त्यानंतर बोलू.

तुमच्या पत्रात मला सगळ्यात जास्त खटकलं ते ‘नंबर ठीक निघाला’ हे वाक्य. चष्म्याच्या दुकानात होते ती नजरेची तपासणी. समोरची अक्षरं वाचता येतात की नाही, एवढंच तिच्यातून कळतं. मधुमेह बिघडवतो तो डोळ्याच्या मागचा पडदा, रेटिना. तिथल्या केसाहून बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंती वर्षानुवर्षं जास्त साखर सोसून कमकुवत होतात. आधी त्यांना सूक्ष्म फुगे येतात, मग त्यातून रक्त आणि पाणी पाझरायला लागतं, काही वाहिन्या बंद पडतात. रक्तपुरवठा कमी पडला की पडद्यावर नव्या वाहिन्या फुटतात, आणि त्या इतक्या ठिसूळ असतात की कधीतरी फुटून डोळ्यात रक्त उतरतं. हे सगळं चाललेलं असताना पडद्याचा मधला भाग, मॅक्युला, सुजला नसेल तर माणूस तक्त्यावरची शेवटची ओळही घडाघडा वाचतो. स्वतः स्कूटर चालवत आलेल्या आणि त्याच आठवड्यात लेझर करावं लागलेल्या माणसांना मी पाहिलं आहे. त्यांचीही काही तक्रार नव्हती. रक्तदाब मोजायला आले होते, आणि मी डोळ्याच्या डॉक्टरकडे पाठवलं म्हणून नाखुशीनेच गेले होते.

आपल्या देशात २०१५ ते २०१९ या काळात सरकारने जे सर्वेक्षण करून घेतलं, त्यात पन्नाशी ओलांडलेल्या मधुमेहींपैकी १६.९ टक्के लोकांच्या पडद्यावर मधुमेहाच्या खुणा सापडल्या. म्हणजे सहा जणांत एक. मधुमेह जितका जुना आणि साखर जितकी वर, तितकी ही शक्यता वाढते. बाबांची चौदा वर्षं झाली आहेत आणि आकडा १०.८ आहे. म्हणून घाई करा म्हणते.

खरं तर मोठ्या वयात होणारा मधुमेह, ज्याला टाइप २ म्हणतात, तो सापडला त्याच वेळी पडदा बघायचा असतो आणि पुढे दरवर्षी. सापडायच्या आधी तो काही वर्षं शरीरात गुपचूप असतो, म्हणून थांबायचं नाही. आपल्याकडे साखर दर महिन्याला मोजतात, पडदा मात्र दहा-दहा वर्षं कुणी बघत नाही. यात पेशंटचा दोष कमी आणि आम्हा डॉक्टरांचा जास्त आहे. पर्च्यावर गोळ्यांच्या खाली ‘रेटिना’ हा एक शब्द लिहायला किती वेळ लागतो?

तपासणीत काय होतं ते सांगते, म्हणजे बाबांना आधीच माहीत असेल. आधी नजर आणि डोळ्याचा दाब बघतात. मग डोळ्यात थेंब घालतात. ते थोडे झोंबतात. दर दहा-पंधरा मिनिटांनी पुन्हा घालतात आणि डोळे मिटून बसायला सांगतात. अर्ध्या-पाऊण तासात बाहुली एवढी मोठी होते की डोळ्याचा रंगीत भाग नुसत्या कडेसारखा उरतो. मग डॉक्टर कपाळावर दिवा लावतात, हातात एक भिंग धरतात आणि ‘वर बघा, खाली बघा, डावीकडे’ असं करत पडद्याचा कोपरा न् कोपरा पाहतात. उजेड फार तीव्र वाटतो, पण दुखत नाही. मग मशीनवर हनुवटी टेकवून पडद्याचा फोटो काढतात आणि मॅक्युलाला सूज आहे का हे बघायला ओसीटी नावाचं स्कॅन करतात. तेही काही मिनिटांचं काम. पुढचे चार-सहा तास जवळचं धूसर दिसतं आणि उन्हाने डोळे दिपतात, म्हणून बाबांनी स्वतः गाडी चालवायची नाही. तुम्ही सोबत जा, काळा चष्मा न्या, रिक्षाने परत या. एमजीएम मेडिकल कॉलेजच्या नेत्रविभागात हे होतं, आणि रेटिनाचा डॉक्टर असलेल्या शहरातल्या इतर नेत्रालयांतही होतं. फक्त नाव नोंदवतानाच सांगा की शुगर आहे, पडदा बघायचाय. नाहीतर पुन्हा नंबर काढून घरी पाठवतील.

कागद हातात आला की त्यावर काय लिहिलंय ते वाचा. ‘एनपीडीआर’ लिहिलं असेल तर खुणा आहेत पण नव्या वाहिन्या फुटलेल्या नाहीत. त्याच्यापुढे सौम्य, मध्यम की तीव्र, हे लिहिलेलं असतं आणि ते महत्त्वाचं आहे. ‘पीडीआर’ म्हणजे नव्या वाहिन्या फुटल्या आहेत. ‘डीएमई’ म्हणजे मॅक्युलाला सूज आहे. हा कागद शुगरच्या डॉक्टरांना दाखवल्याशिवाय इन्सुलिनचं काहीही ठरवू नका. आणि उलट बाजूनेही, डोळ्याच्या डॉक्टरांना १०.८ हा आकडा आणि इन्सुलिन सुरू व्हायचंय ही गोष्ट आठवणीने सांगा. हे दोन डॉक्टर एकमेकांशी बोलत नाहीत, हे मी रोज पाहते. त्यांच्यातला निरोप तुम्हालाच पोचवावा लागेल.

आता काकांविषयी.

काकांचे कागद मी पाहिलेले नाहीत, त्यामुळे त्यांच्या डोळ्यात नेमकं काय झालं हे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. पण असं घडताना खूप वेळा पाहिलंय. आपल्याकडे इन्सुलिन घेतात ते सगळ्यात शेवटी. गोळ्या वाढवून झाल्या, कुणीतरी सांगितलेला काढा पिऊन झाला, ‘इंजेक्शन तेवढं नको’ म्हणत आणखी चार वर्षं काढली, आणि मग कधीतरी रक्तातली त्या वेळची साखर ४०० झाल्यावर नाइलाजाने सुई आली. तोपर्यंत पडदा दहा-पंधरा वर्षं बिघडतच आलेला असतो. मग डोळ्यात रक्त उतरतं आणि घरच्यांच्या लक्षात काय राहतं, तर ‘इन्सुलिन सुरू केलं आणि डोळा गेला’. बंब यायच्या आत घर जळून गेलं, म्हणून बंबानेच आग लावली म्हणावं, तसं ते झालं.

इन्सुलिन स्वतः डोळ्यांना विष असतं तर ते मोठ्या अभ्यासांत दिसलं असतं. ब्रिटनमध्ये टाइप २ च्या नव्या पेशंटांवर यूकेपीडीएस नावाचा अभ्यास झाला, त्याचे निष्कर्ष १९९८ मध्ये आले. काही जणांची साखर सल्फोनिलयुरिया गटातल्या गोळ्यांनी (तुमच्या बाबांचं ग्लिमेपिराइड याच गटातलं) किंवा इन्सुलिनने नीट आटोक्यात ठेवली, बाकीच्यांचा भर मुख्यतः पथ्यावर होता. तीन महिन्यांच्या साखरेत फरक पडला तो जेमतेम ७.० आणि ७.९ एवढाच. तेवढ्यानेही बारीक रक्तवाहिन्यांचे आजार २५ टक्क्यांनी कमी झाले, आणि त्यातला मोठा वाटा डोळ्याला लेझर कमी लागण्याचा होता. साखर कशाने उतरवली यापेक्षा ती उतरली, याचा डोळ्यांना फायदा झाला.

पण तुमच्या घरातली भीती अगदीच निराधार आहे असंही मी म्हणणार नाही. तिच्यात एक खरा भाग आहे, आणि तो पेशंटला सांगितला जात नाही म्हणून अफवा वाढतात. फार काळ वर राहिलेली साखर झपाट्याने उतरवली, तर आधीच बिघडलेला पडदा पहिल्या काही महिन्यांत आणखी बिघडू शकतो. हे अमेरिकेतल्या डीसीसीटी या अभ्यासात नीट मोजलं गेलं. तो लहान वयात होणाऱ्या टाइप १ मधुमेहाचा अभ्यास होता, १९९३ मध्ये प्रसिद्ध झाला. कडक उपचार घेणाऱ्या गटात पहिल्या वर्षात १३.१ टक्के लोकांचा पडदा थोडा बिघडला, साध्या उपचारांच्या गटात ७.६ टक्के लोकांचा. पुढे बहुतेकांचं ते सुधारलं. आणि सगळी वर्षं मिळून पाहिलं, तर ज्यांचा पडदा सुरुवातीला स्वच्छ होता त्यांना कडक उपचाराने पडद्याचा आजार होण्याचा धोका ७६ टक्क्यांनी कमी झाला. ज्यांना आधीच सौम्य त्रास होता, त्यांच्यातही तो वाढण्याचा धोका निम्म्याहून खाली आला.

म्हणजे सुरुवातीचे काही महिने सांभाळायचे असतात, आणि ते ज्यांच्या पडद्यावर आधीच खुणा आहेत त्यांनी जास्त. कुणाच्या पडद्यावर खुणा आहेत हे न बघता साखर झपाट्याने पाडायची, ही चूक टाळता येते. काकांच्या वेळी कदाचित कुणी आधी पडदा पाहिला नसेल. बाबांच्या वेळी तो पाहून घेणं तुमच्या हातात आहे.

दादा म्हणतो ते आठवड्याचं इंजेक्शन. यात मुख्य दोन औषधं आहेत, सेमाग्लुटाइड आणि टिरझेपाटाइड. टिरझेपाटाइड मार्च २०२५ मध्ये आपल्या देशात ‘मौन्जारो’ या नावाने आलं आणि तेव्हापासून प्रत्येक लग्नकार्यात त्याचीच चर्चा ऐकते. औषधं चांगली आहेत. साखर उतरते, वजन उतरतं, सेमाग्लुटाइडने हृदयालाही फायदा दिसलेला आहे. तुम्ही वाचलेली डोळ्याची बातमी मात्र खोटी नाही. सेमाग्लुटाइडच्या २०१६ च्या एका अभ्यासात पडद्याचे गंभीर त्रास औषध घेणाऱ्यांत ३.० टक्के आणि न घेणाऱ्यांत १.८ टक्के निघाले. हे बहुतेक असे लोक होते, ज्यांच्या पडद्यावर आधीच आजार होता आणि ज्यांची साखर पहिल्या काही महिन्यांत झरकन खाली आली. कारण बहुधा तेच, जे इन्सुलिनबाबत सांगितलं. टिरझेपाटाइडच्या माहितीपत्रकातही लिहिलेलं आहे की नव्या वाहिन्या फुटलेल्या किंवा मॅक्युला सुजलेल्या पेशंटांवर ते तपासलेलं नाही. त्यामुळे इन्सुलिन टाळून हे घेतलं की डोळ्यांची काळजी मिटली, असं होत नाही. पडदा आधी बघायचा, हा नियम इथेही आहेच.

मोबाइलवर वाचलेली दुसरी गोष्ट बहुधा डोळ्याच्या नसेची असेल. सेमाग्लुटाइड घेणाऱ्यांत क्वचित डोळ्यामागच्या नसेचा रक्तपुरवठा अचानक तुटून दृष्टी जाते. युरोपच्या औषध नियामक संस्थेने जून २०२५ मध्ये हा अतिशय दुर्मिळ दुष्परिणाम म्हणून मान्य केला, दहा हजारांत फार तर एक. त्यासाठी औषध टाळायचं कारण नाही. पण ते घेताना एका डोळ्याने एकाएकी दिसेनासं झालं तर औषध थांबवून त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा.

आता ज्याविषयी तुम्ही विचारलंच नाही, ते. बाबांच्या गोळीत पायोग्लिटाझोन आहे आणि संध्याकाळी पायावर सूज येते. पायोग्लिटाझोन शरीरात पाणी साठवतं. पायावरची सूज हे त्याचं नेहमीचं लक्षण. तेच पाणी काही जणांच्या मॅक्युलातही उतरतं, आणि हा इशारा त्या औषधाच्या माहितीतच दिलेला असतो. शिवाय पायोग्लिटाझोन आणि इन्सुलिन एकत्र आले की सूज आणखी वाढते, हृदयावर ताण येऊ शकतो. म्हणून इन्सुलिन सुरू होणार असेल तर डॉक्टरांना स्पष्ट विचारा: ही तीन औषधांची गोळी तशीच ठेवायची, की पायोग्लिटाझोन काढायचं? पायावरची सूज त्यांना बोटाने दाबून दाखवा. खड्डा पडून राहतो का, ते त्यांनी बघू दे. सूज दुसऱ्या कारणानेही असू शकते, मूत्रपिंडामुळे किंवा हृदयामुळे, म्हणून क्रिएटिनिन, लघवीतलं अल्ब्युमिन आणि हिमोग्लोबिन बघून घ्या. मूत्रपिंड आणि पडदा बऱ्याचदा जोडीने बिघडतात. गोळी मनाने बंद मात्र करू नका. १०.८ असताना तीन औषधं एकदम बंद झाली तर साखर कुठल्या कुठे जाईल.

आणि ते बीपी. १५२/८८ हे ‘वयाच्या मानाने ठीक’ नाही, मधुमेह असलेल्या माणसाला तर नाहीच. मी वर सांगितलेल्या ब्रिटनच्या अभ्यासात बीपीचाही एक भाग होता. एका गटाचं बीपी सरासरी १४४/८२ राहिलं, दुसऱ्याचं १५४/८७. बाबा आज जवळजवळ त्या दुसऱ्या गटात बसतात. पहिल्या गटात पडद्याचा आजार वाढणाऱ्यांचं प्रमाण ३४ टक्क्यांनी कमी निघालं आणि नजर खालावण्याचा धोका ४७ टक्क्यांनी कमी. फक्त दहा अंकांच्या फरकाने! आज तर आपण १३०/८० च्या जवळ न्यायला सांगतो. साखरेच्या सुईवरून घरात एवढी चर्चा चाललीय, आणि बीपीची एक स्वस्त गोळी डोळ्यांसाठी एवढं करू शकते याकडे कुणाचंच लक्ष नाही, हे बघून मला फार हळहळ वाटते. या भेटीत बीपीचं औषध ठरवूनच घरी या.

कोलेस्टेरॉलसाठी स्टॅटिन चालू असेल तर ते चालू राहू द्या. पडद्यावर खुणा निघाल्या तर आणखी एका जुन्या गोळीबद्दल विचारून बघा, फेनोफायब्रेट. ती खरं म्हणजे ट्रायग्लिसराइडची, म्हणजे रक्तातल्या चरबीची गोळी, पण दोन-तीन मोठ्या अभ्यासांत तिने पडद्याचा आजार वाढण्याचा वेग कमी केला. सगळ्यात अलीकडचा स्कॉटलंडचा, २०२४ मधला. त्यात आजार वाढण्याचा किंवा त्यासाठी उपचार लागण्याचा धोका २७ टक्क्यांनी कमी झाला. क्रिएटिनिन वाढलेलं असेल तर ती चालत नाही किंवा कमी डोस लागतो, म्हणून स्वतः आणून सुरू करायची नाही.

पडदा बघून झाल्यावर काय करायचं? स्वच्छ निघाला, तर इन्सुलिन बिनधास्त सुरू करा आणि पडदा वर्षाने पुन्हा दाखवा. सौम्य किंवा मध्यम खुणा असतील, तरी इन्सुलिन सुरू करायचं, फक्त साखर एका महिन्यात जमिनीवर आणायची घाई नको. मात्रा हळूहळू वाढवायची आणि डोळ्याचे डॉक्टर सांगतील त्याप्रमाणे तीन-चार महिन्यांनी पडदा पुन्हा बघायचा. तीव्र आजार, नव्या वाहिन्या किंवा मॅक्युलाला सूज असेल, तर डोळ्याचे उपचार आधी किंवा बरोबरीने सुरू व्हायला हवेत. नव्या वाहिन्यांसाठी लेझर असतं, त्याने दृष्टी गंभीरपणे जाण्याचा धोका निम्म्याहून कमी होतो. मॅक्युलाच्या सुजेसाठी डोळ्यात द्यायची इंजेक्शनं असतात. त्यांतल्या रॅनिबिझुमॅबचं भारतात बनलेलं औषध २०१५ पासून मिळतं. त्या इंजेक्शनचा आणि पोटावर घ्यायच्या इन्सुलिनचा एकमेकांशी काही संबंध नाही, हे बाबांना समजावून सांगा. या दोन ‘इंजेक्शनां’ची गल्लत करून घाबरलेली माणसं मला नेहमी भेटतात. आणि यांतल्या कोणत्याही स्थितीत डोळ्यांना जपायचं म्हणून तीन महिन्यांची साखर दहाच्या वर ठेवणं, हा उपाय नव्हे. तसं केलं तर डोळे जायची भीती जास्त.

इन्सुलिन सुरू झालं की दोन गोष्टी होतील, त्यांची तयारी ठेवा. पहिले काही आठवडे बाबा म्हणतील, ‘बघ, मला धूसर दिसायला लागलं, म्हणत होतो ना!’ साखर उतरते तेव्हा डोळ्याच्या भिंगातलं पाण्याचं प्रमाण बदलतं आणि चष्म्याचा नंबर वरखाली होतो. पडदा ठीक असेल तर हे दीड-दोन महिन्यांत स्थिरावतं. तोवर नवा चष्मा करू नका, पैसे वाया जातील. पण डोळ्यापुढे अचानक काळे ठिपके किंवा कोळ्याच्या जाळ्यासारखं काही तरंगायला लागलं, एका बाजूने पडदा ओढल्यासारखं वाटलं, दाराची चौकट वाकडी दिसली, तर ते नंबरचं काम नाही. त्याच दिवशी नेत्रालयात जायचं.

दुसरी गोष्ट, साखर कमी होणं. ग्लिमेपिराइड आणि इन्सुलिन दोन्ही साखर पाडतात. दोन्ही एकत्र घेताना जेवण चुकलं तर घाम, थरथर, गोंधळल्यासारखं होतं. बाबा संकष्टीला दिवसभर उपाशी राहून चंद्रोदयाला जेवत असतील, तर त्या दिवसाचं काय करायचं ते डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्या. सराफ्याच्या खाऊगल्लीत रात्री अकराला साबुदाण्याची खिचडी खाऊन भरपाई होत नाही. साखर सकाळी कुठे असते आणि जेवणानंतर दोन तासांनी कुठे, हे घरच्या मशीनवर टिपून ठेवलंत तर इन्सुलिनची मात्रा ठरवणं डॉक्टरांना सोपं जाईल, आणि घाईने मात्रा वाढवणंही टळेल.

बाबांशी दोन शब्द, ते वाचताहेत म्हणून. तुमच्या भावाचा डोळा गेला आणि तुम्ही ते स्वतः बघितलं, त्यामुळे तुमची भीती पुस्तकातल्या आकड्यांनी जाणार नाही, हे मला कळतं. मी तुम्हाला आज इन्सुलिन घ्या म्हणत नाही. आज एवढंच करा, लेकीबरोबर जाऊन पडदा दाखवून या. भिंगातून डॉक्टरांना जे दिसेल ते स्क्रीनवर स्वतःच्या डोळ्यांनी बघा. बँकेत तुम्ही कागद बघितल्याशिवाय सही केली नसेल. इथेही कागद बघा आणि मग हो की नाही ठरवा. आणि काकांना भेटाल तेव्हा त्यांच्या दुसऱ्या डोळ्याची विचारपूस करा. तो शेवटचा कधी तपासला, हे घरात कुणाला माहीत आहे का? इन्सुलिन घेऊन चूक केली असं त्यांच्या मनात असेल तर तुम्हीच त्यांना सांगा की ती चूक नव्हती. काका सत्तर ओलांडलेले असतील तर ऑक्टोबर २०२४ पासून ७० आणि त्यापुढच्या सगळ्यांना, उत्पन्नाची अट न ठेवता, आयुष्मान भारतचं वर्षाला ५ लाखांपर्यंतचं कार्ड मिळतं. ते काढून घ्या. लेझर किंवा ऑपरेशन लागलं तर कार्ड चालणाऱ्या रुग्णालयात काय काय बसतं ते आधी विचारून घेता येईल.

आणि तुम्ही. कंसात लिहिलेलं ते वाक्य मी वाचलंय. गरोदरपणात निघालेली साखर बाळंतपणानंतर जाते, पण ज्या बाईला ती एकदा निघाली तिला पुढे मधुमेह होण्याचा धोका इतरांपेक्षा कितीतरी जास्त असतो. त्यातून वडील आणि काका दोघांनाही मधुमेह. बाळ झाल्यावर सहा ते बारा आठवड्यांत करायची ग्लुकोजची तपासणी तेव्हा झाली होती का? नसेल तर आता करा, उपाशीपोटी आणि ७५ ग्रॅम ग्लुकोज घेतल्यावर दोन तासांनी, सोबत तीन महिन्यांची साखर. नॉर्मल आली तरी दरवर्षी करत राहा. बाबांच्या पडद्याची तारीख घ्याल, त्याच दिवशी सकाळी तुमचंही दोन्ही वेळचं रक्त देऊन टाका. नेत्रालयात बसून थेंबांची वाट बघायची असतेच, नाश्ता तिथे करता येईल.